फुलोऱ्याआधी की फुलोऱ्यात? हरणांसाठीच्या शेतात राय मारण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विदर्भात रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून शेतकरी रात्र रात्र मचाणावर बसून काढतात. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात याच्या उलट आहे. हरणांनी यावं, खावं आणि शिकारीच्या मोसमात आपल्याच जमिनीवर फिरत राहावं, यासाठी लोक पदरचे पैसे घालून पेरणी करतात. अशा तुकड्याला तिथे ‘फूड प्लॉट’ म्हणतात. हे प्रकरण अशाच एका जमिनीचं आहे. मालकाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत.

जमीन राज्याच्या नैर्ऋत्य भागात आहे. या भागाला ‘ड्रिफ्टलेस’ म्हणतात. हिमयुगातल्या हिमनद्या इथे पोचल्याच नाहीत, त्यामुळे टेकड्या तीव्र उताराच्या राहिल्या आणि वर वाऱ्याने आणलेल्या बारीक गाळाची सुपीक माती बसली. ही माती उघडी पडली की एका जोरदार पावसात ओढ्याला लागते. देशातला मृदसंधारणाचा पहिला पाणलोट प्रकल्प 1933 साली याच भागात, कून व्हॅलीत, सुरू झाला तो याच कारणाने. पुढे नांगरटीवरून जे वाद झाले ते समजायला हा संदर्भ लागतो.

मालक निवृत्त गृहस्थ, मदतीला जावई. चाळीस एकरांत बहुतेक ओकचं जंगल आणि मधे मोकळे केलेले तीन तुकडे: एक साधारण दोन एकरांचा, बाकीचे दोन अर्ध्या एकराच्या आसपास. अवजारांत छोटा ट्रॅक्टर, मागे जोडायचं गवतकापणी यंत्र, ढेकळं दाबायचा रूळ आणि शेतात फिरवायच्या छोट्या चारचाकी गाडीवर बसवलेला फवारा. हौशी माणसाकडे असतं तितकंच. मक्याचे ढीग टाकून हरणं बोलवायची सोय नव्हती. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांच्या मेंदूचा प्राणघातक रोग 2002 साली या राज्यात उघडकीस आला, आणि रोग सापडलेल्या काउंट्यांमध्ये (म्हणजे जिल्ह्यांमध्ये) चारा-आमिष टाकायला बंदी आली. उभं पीक मात्र चालतं.

आदल्या सप्टेंबरच्या सुरुवातीला तिन्ही तुकड्यांत राय पेरली होती, एकरी साधारण 100 पौंड. ही राय म्हणजे गहू-बार्लीच्या कुळातलं धान्य. आपल्या फोडणीतली राई वेगळी, आणि बियाण्याच्या दुकानात शेजारीच मिळणारं रायग्रास हे गवतही वेगळं. रायीची थंडी सोसण्याची ताकद विलक्षण असते. जमीन गोठणबिंदूच्या जेमतेम वर असली तरी ती उगवते, बर्फाखाली हिरवी राहते आणि मार्च-एप्रिलमध्ये बाकी सगळं तपकिरी असताना हरणांना खायला मिळते. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा बंदुकीचा मोसम सुरू होतो, तेव्हा हरणं याच तुकड्यांत होती. इथवर मालक खूश होते.

अडचण

वसंतात राय मारावी लागते, तिथून प्रश्न सुरू झाला. मोठ्या तुकड्यात मे महिन्यात सोयाबीन पेरायचं होतं. लहान तुकड्यांत जुलैअखेर सलगम, चारा-मुळा अशी मोहरीवर्गीय पिकं आणि थोडं क्लोव्हर (आपल्या बरसीमच्या कुळातलं) घ्यायचं होतं. ठरवलेलं होतं एवढंच की, एप्रिलअखेर राय सहा-आठ इंच असताना ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं आणि मोकळं व्हायचं.

जावयाने एक लहान तुकडा तसा फवारलाही. ऊन पडलेली एक दुपार मिळाली आणि त्याने ती साधली. त्यानंतर पाऊस आणि गारठा सुरू झाला. रात्रीचं तापमान गोठणबिंदूजवळ, जमिनीला वापसा (काम करण्याजोगी बेताची ओल) नाही, फवारायला कोरडा दिवस नाही. गारठ्यात रोपाची वाढ मंदावली की ग्लायफोसेट आत नीट फिरत नाही. ते पानावाटे शिरून मुळांपर्यंत आणि फुटव्यांपर्यंत पोचावं लागतं, आणि त्यासाठी रोप वाढीत असावं लागतं. म्हणून थांबणं योग्यच होतं. पण राय थांबत नाही. थोडी ऊब मिळताच ती इतक्या झपाट्याने वाढते की आठवड्याने पाहिलं तर पीक ओळखू येत नाही. मे महिन्याच्या मध्याला ती कंबरेला लागली होती आणि पोटरीवर आली होती, म्हणजे ओंबी वरच्या पानाच्या वेष्टनात भरली होती, बाहेर पडली नव्हती.

पोटरीतली राय ही मारायला सगळ्यात अवघड राय. त्या आधी ती कोवळी असते, तणनाशकाला सहज बळी पडते. त्या नंतर, निसवून (ओंब्या बाहेर पडून) फुलोऱ्यात आली की तिची सगळी ताकद दाण्याकडे वळलेली असते. मग नुसती कापली किंवा रुळाने कांड्या मोडून आडवी केली तरी ती पुन्हा उठत नाही. मधल्या अवस्थेत मात्र कापली तर बुडातून नवे फुटवे येतात, आणि फवारा मारायचा तर पाला एवढा दाट की औषध खालपर्यंत उतरत नाही.

मालकांनी याच टप्प्यावर मला सल्ला विचारला. त्यांचा प्रश्न होता, ‘कोणतं औषध मारू?’ माझ्या मते तो दुय्यम होता. आधी हे ठरवायला हवं होतं की त्या जागेवर पुढे काय येणार आहे, आणि मधल्या काळात त्या रायीत कोण राहणार आहे.

पर्याय

नांगरून गाडणं. मालकांचा पहिला ओढा इकडे होता, कारण लहानपणी वडिलांना तेच करताना पाहिलेलं. दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे उतार. दुसरी, हिरवा पाला मातीत मिसळून लगेच पेरलं तर कुजणाऱ्या पाल्याच्या वासावर माश्या येतात, मातीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या उगवणारं बी पोखरतात. मका आणि सोयाबीन दोन्हींना हा त्रास होतो. नांगरट बाद झाली.

लगेच कापणं. यंत्र घरचं, खर्च डिझेलचा. पण पोटरीत कापलेली राय फुटून येणार हे नक्की. म्हणजे पंधरा दिवसांनी तीच अडचण, शिवाय वर पेंढ्याचा थर.

फुलोऱ्यापर्यंत थांबून रुळाने मोडणं. तणनाशक टाळायचं तर हा सर्वात देखणा मार्ग. ओंब्यांतून पराग उडायला लागला, शेतातून चालताना पँट पिवळी व्हायला लागली, की पात्यांच्या जड रुळाने राय एका दिशेला लोळवायची. कांड्या चेचल्या जातात, राय जागेवर वाळते आणि जाड आच्छादन मिळतं. मालकांकडे पात्यांचा रूळ नव्हता. ढेकळं दाबायचा रूळ राय नुसती वाकवतो, ती दोन दिवसांत उभी राहते.

त्याहून मोठी अडचण कुणाच्या हिशेबात नव्हती. त्या भागात रायीचा फुलोरा मे अखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. नेमक्या त्याच दिवसांत हरिणी वितात. पाडस पहिले दोन-तीन आठवडे धोका दिसला तरी पळत नाही, गवतात अंग चोरून निपचित पडून राहतं. कोल्ह्या-कुत्र्यांपासून वाचायला ही युक्ती चांगली, यंत्रापुढे तीच जीवघेणी. रानटी टर्की पक्ष्यांच्या माद्याही त्याच सुमारास जमिनीवरच्या घरट्यात बसलेल्या असतात; अंडी उबवायला चार आठवडे लागतात. कंबरेएवढी दाट राय त्यांच्यासाठी उत्तम आडोसा. हरणांसाठी केलेल्या शेतात हरणाचं पिल्लू यंत्राखाली येण्याची शक्यता वर्षभरात सगळ्यात जास्त असते ती याच पंधरवड्यात. फूड प्लॉटच्या सल्ल्यांमध्ये याचा उल्लेख क्वचितच होतो, याचं मला नवल वाटतं.

आधी फवारून मग पेरणं. मालकांना हे सोयीचं वाटत होतं: आज फवारू, पाच दिवसांनी पेरू. पण पाच दिवसांनी राय ना जिवंत ना वाळलेली, चिवट चामड्यासारखी होते. पेरणी यंत्राची तबकडी तिला कापत नाही. ती दुमडून बियाण्याच्या चरात दाबली जाते आणि बी मातीऐवजी पेंढ्यावर पडतं. पेरायचं तर ताठ उभ्या जिवंत रायीत पेरावं, नाहीतर ती पूर्ण वाळून कुरकुरीत होईपर्यंत दोन-तीन आठवडे थांबावं.

उभ्या रायीत पेरून मग मारणं. उरला तो हा. यंदाच्या पावसात याचा एक फायदाही होता, कारण जिवंत राय पाणी ओढून जमीन वापशावर आणते. कोरड्या वसंतात हाच गुण अंगावर येतो. तेव्हा राय पुढच्या पिकाची ओल पिऊन बसते आणि ती लवकर मारलेली बरी.

पुढे कोणतं पीक, याचाही इथेच निकाल लागला. मालकांना कडेने मक्याच्या काही ओळी हव्या होत्या. मी नको म्हटलं. वसंतात दक्षिणेकडून येणारे लष्करी अळीचे पतंग गवतवर्गीय दाट पिकांत अंडी घालतात, आणि राय वाळली की अळ्या शेजारच्या मक्यावर उतरतात. सोयाबीनला त्या सहसा तोंड लावत नाहीत. दुसरं कारण नत्राचं. कोवळ्या रायीत कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण 26:1 असतं, फुलोऱ्यात 37:1 आणि वाळलेल्या पेंढ्यात 82:1. मातीतले जिवाणू 24:1 च्या आसपास सुखी असतात. त्याहून कर्ब जास्त झाला की ते मातीतलाच नत्र उचलतात आणि पीक पिवळं पडतं. आपल्याकडे ताग फुलोऱ्यात येताच गाडतात, काड्या निबर होईपर्यंत ठेवत नाहीत, त्यामागे हेच गणित आहे. मका आणि मोहरीवर्गीय पिकं इथे मार खातात. सोयाबीन आपला नत्र मुळांवरच्या गाठींत स्वतः करून घेतं.

काय केलं

मोठ्या तुकड्यात उभ्या रायीत पेरून मग फवारायचं, आणि न फवारलेल्या लहान तुकड्याला जुलैअखेरपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरलं. दुसऱ्या निर्णयाला जावयाचा विरोध होता. त्याच्या दृष्टीने ते शेत वाया जाणार होतं. मालकांनी मात्र लगेच मान्य केलं, कारण त्या कडेला सकाळी एक टर्कीची मादी ये-जा करताना त्यांनी पाहिली होती.

नांगरट न करता पेरणारं यंत्र काउंटीच्या मृदसंधारण कार्यालयाकडून भाड्याने मिळालं. नंबर लागायला मे महिन्याचा चौथा आठवडा उजाडला. तोवर ओंब्या डोकावू लागल्या होत्या. सोयाबीन सरळ रायीत पेरलं. चर नीट मिटत होते, बी दीड इंचाच्या आसपास पडत होतं. पेरणी उत्तम झाली.

दुसऱ्या दिवशी वारा होता म्हणून थांबून, त्याच्या पुढच्या दिवशी फवारणी केली. सोयाबीन जमिनीवर येण्याआधी ती उरकणं भाग होतं, कारण बियाणं ग्लायफोसेट सहन करणाऱ्या वाणाचं नव्हतं. पाण्याचा मुद्दा मी आधीच काढला होता. चुनखडीच्या डोंगरांतलं विहिरीचं पाणी जड असतं, त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम औषधाला बांधून टाकतात. त्यासाठी टाकीत आधी अमोनियम सल्फेट विरघळवून मग औषध घातलं. दुपारी ऊन होतं, दोन रात्री उबदार गेल्या होत्या. औषधाचं प्रमाण लेबलवर मोठ्या रायीसाठी दिलेल्या वरच्या मर्यादेचं घेतलं.

दहा दिवसांनी राय पिवळी पडली, पण पट्टे सोडून. पेरणीच्या वेळी ट्रॅक्टरची चाकं जिथून गेली तिथे राय आडवी झाली होती. वरच्या ताटांनी खालच्यांना झाकलं आणि औषध खाली पोचलंच नाही. दोन एकरभर चाकांच्या रुंदीच्या हिरव्या समांतर रेघा.

तोवर सोयाबीन उगवलं होतं, म्हणजे ग्लायफोसेट पुन्हा मारता येत नव्हतं. फक्त गवतवर्गीयांवर चालणारं क्लेथोडिम दुकानदाराने सुचवलं. ते सोयाबीनला धक्का लावत नाही हे खरं, पण निसवलेल्या रायीवर त्याचा भरवसा नाही. पैसे घालून अर्धमेली राय मिळाली असती. इथे फुलोऱ्याचा गुण कामाला आला. चार-पाच दिवस थांबून, पराग उडताना, त्या रेघा हातातल्या ब्रशकटरने सोयाबीनच्या वर कापायच्या. कापण्याआधी दोघांनी प्रत्येक रेघ पायी चालून पाहायची. शेवटच्या रेघेला, जंगलाच्या कडेजवळ, ठिपक्यांचं एक पाडस निघालं. ती रेघ तशीच सोडली.

निकाल

कापलेल्या रेघा पुन्हा फुटल्या नाहीत. मेलेल्या रायीच्या आच्छादनाखाली जुलैपर्यंत तण जवळपास नव्हतं. त्या भागातलं खरं डोकेदुखीचं तण म्हणजे राजगिऱ्याच्या कुळातलं वॉटरहेम्प. त्याचं बारीक बी उजेड मिळाला तरच जोमाने उगवतं, आणि रायीने तो उजेडच बंद केला होता.

सोयाबीनचं पुढे काय झालं ते रायीपेक्षा हरणांनी ठरवलं. दोन एकर सोयाबीन म्हणजे दाट वस्तीच्या हरणांना थोडक्यात संपणारं जेवण. मालकांनी अर्ध्या तुकड्याला विजेच्या दोन तारांचं कुंपण घातलं, अर्धा उघडा ठेवला. उघड्या अर्ध्यात जुलैच्या मध्याला नुसती खुंटं उरली. कुंपणातल्या अर्ध्याला शेंगा धरल्या, आणि नोव्हेंबरात कुंपण काढल्यावर हरणं तिथे जमली.

जावयाने एप्रिलमध्ये वेळेवर मारलेला तुकडा सगळ्यात नीटनेटका व्हायला हवा होता. पण सहा इंचांची कोवळी राय मेली की तिचं आच्छादन जेमतेम महिनाभर टिकतं. पुढचं पीक जुलैअखेरचं, मधे दोन महिने जमीन उघडी. जूनमध्ये तिथे फॉक्सटेल आणि वॉटरहेम्प गुडघ्याला आले. घाईने कापून कुट्टू फोकला तेव्हा तण आटोक्यात आलं. कुट्टू महिन्या-सव्वा महिन्यात फुलतो आणि जमीन झाकतो. तो कापून जुलैअखेर सलगम-मुळा टाकला. दोन लहान तुकड्यांत मोहरीवर्गीय पीक जास्त चांगलं इथेच आलं.

न छेडलेल्या तुकड्यातली राय जुलैअखेर पिकून पिवळी झाली होती, ओंब्यांतून दाणे गळत होते, टर्कीची पिल्लं ते टिपायला येत होती. उभ्या रायीत सलगमाचं बी फोकून वरून राय कापली. बी उगवलं, पण तीन आठवड्यांत रोपं पिवळी. पेंढ्याने नत्र ओढला होता. पावसाचा अंदाज पाहून एकरी सुमारे 100 पौंड युरिया टाकला. पेंढ्यावर युरिया पडून राहिला तर बराचसा हवेत उडून जातो, म्हणून पावसाआधीचा दिवस धरला. रोपं सावरली, गड्डे मात्र लहानच राहिले. शिवाय गळालेल्या दाण्यांतून राय पुन्हा दाट उगवली आणि सलगमाला दाबू लागली. जावई म्हणाला, पाहा, वाया गेलं. मालक म्हणाले, फुकटात राय पेरून झाली. दोघांचंही खरं होतं, आणि नोव्हेंबरात हरणं तिथेही होती.

पुन्हा करायचं झालं तर

पेरणी आणि फवारणी यांचा क्रम बरोबरच होता, दिशा चुकली. पेरणीच्या रेघांना आडवं फवारलं असतं, एकरी पाणी वाढवलं असतं आणि गाडी हळू चालवली असती, तर आडव्या रायीत औषध बरंच उतरलं असतं. ग्लायफोसेट सहन करणारं वाण घेतलं असतं तर दुसरी संधीही हातात राहिली असती. काही मालक अशा वाणांना तत्त्वतः नकार देतात. त्यांनी मग पेरणीआधीच राय मारण्याची तारीख पक्की धरावी.

दोन एकरांसाठी एकरी 100 पौंड राय जास्त होती. मोहरीवर्गीय पीक पुढे घ्यायचं असेल तिथे मी निम्मी राय आणि जोडीला लाल क्लोव्हर सुचवीन. पेंढा कमी, नत्र थोडा जास्त, आणि राय मोडल्यावर खाली क्लोव्हर आयतं उभं. मात्र क्लोव्हर वाचवायचं तर फवारणीचा रस्ता बंद होतो. मग फुलोऱ्यात कापणं उरतं, आणि पाडसांचा प्रश्न पुन्हा समोर येतो. त्यावर आडोशाचा एक पट्टा कायम ठेवणं, आतून बाहेर कापत जाणं आणि आधी पायी फिरणं एवढंच करता येतं. पायी फिरूनही पाडस नजरेतून सुटू शकतं, हे मालकांना स्पष्ट सांगितलं आहे.

लवकर मारलेल्या तुकड्याबद्दल जावयाचं आणि माझं अजून जमलेलं नाही. त्याला पुढच्या वर्षीही एप्रिलमध्येच फवारायचं आहे. माझं म्हणणं, जुलैअखेरच्या पिकासाठी एप्रिलमध्ये मारायची घाई कशाला? आणि मारायचीच तर कुट्टूचं बी आधी आणून ठेवावं. सध्या त्यांच्या कोठारात कुट्टूची दोन पोती आहेत. उघड्या सोयाबीनच्या जागी ऑगस्टअखेर पुन्हा राय फोकली आहे, या खेपेला एकरी 50 पौंड.